सव्वा कोटीचा प्रस्ताव दोनदा परत आला: सत्तरी तालुक्यातल्या कॉलेजने अनुदान मागायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका अनुदानित कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या सहायक प्राध्यापकांना आपल्या भागासाठी संशोधन प्रयोगशाळा उभी करायची आहे. माती, पाणी आणि माकडताप (गोचिडीच्या चाव्यातून होणारा विषाणूजन्य रोग), तिन्हींची तपासणी एकाच छताखाली. केंद्राकडे सव्वा कोटीचा प्रस्ताव दोनदा पाठवला, दोन्ही वेळा परत आला. शेरा दीड ओळीचा: 'संशोधनाची पार्श्वभूमी अपुरी, मागणी अवाजवी.' त्यांनी विचारलंय की गोव्यासारख्या लहान राज्यातल्या, त्यातही गावाकडच्या कॉलेजला हा पैसा मिळतो का, की वशिला लागतो? आणि अर्ज नेमका कुठल्या योजनेत करावा?

मी फोंडा तालुक्यातल्या कॉलेजात 27 वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. त्या काळात नऊ सरकारी प्रकल्प चालवले आणि त्याहून जास्त प्रस्ताव नामंजूर करून घेतले. पुढे काही वर्षं मूल्यमापन समित्यांवरही बसले, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. वशिल्याबद्दल आधी बोलते, कारण ती शंका मनात असली की प्रस्ताव नीट लिहिला जात नाही. ओळखीचा उपयोग होतो, पण तुम्हाला वाटतो त्या अर्थाने नाही. समितीवर ओळखीचं कुणी असेल आणि ते नियमाने वागत असतील, तर तुमच्या प्रस्तावाच्या वेळी ते खोलीबाहेर जातात. खरी उपयोगी ओळख म्हणजे ज्यांच्या प्रयोगशाळेत तुम्ही आधी काम केलंय, अशा माणसाने 'हो, यांना हे जमेल' असं लिहून दिलेलं पत्र.

आता योजना कुठली हा प्रश्न. तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे, म्हणून जरा बाजूला ठेवू. तुमच्या प्रस्तावाची अडचण मला वेगळी दिसते. तुम्ही प्रयोगशाळा मागितलीत. देणाऱ्याला ऐकायचं असतं ते हे, की पाच वर्षांनी, पैसे संपल्यावर, त्या खोलीत कोण काय करत असेल.

समितीच्या बैठकीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. दिवसभरात वीस-पंचवीस प्रस्ताव, एकेकाला दहा-पंधरा मिनिटं. मी स्वतः आधी अंदाजपत्रकाचं पान उघडायची. प्रस्तावना सगळ्यांचीच छान असते, अंदाजपत्रक मात्र खोटं बोलत नाही. तुम्ही जे आकडे कळवले आहेत त्यात उपकरणांना सव्वा कोटीतले 1 कोटी 8 लाख, माणसांना बारा लाख, रसायनं आणि काचसामानाला चार, प्रवासाला एक, आणि देखभालीच्या रकान्यात शून्य. हे पान वाचणाऱ्याला एवढंच कळतं की यांना यंत्रं हवी आहेत. ती कोण चालवणार, बंद पडली तर दुरुस्तीचा माणूस कुठून येणार, त्याचं बिल कोण भरणार, याचा विचार झालेला नाही. माझ्या अनुभवात मोठ्या उपकरणाचा सर्वसमावेशक देखभाल करार वर्षाला किमतीच्या पाच ते आठ टक्क्यांत पडतो. एक कोटीच्या यंत्रांना वर्षाला पाच ते आठ लाख. तुमच्या कॉलेजचं व्यवस्थापन चौथ्या वर्षापासून एवढी रक्कम देईल का? विचारून पाहा. उत्तर 'बघू' असं आलं, तर ते 'नाही' आहे असं समजून लिहायला बसा.

माझ्यावर ओढवलेला एक प्रसंग सांगते. पूर्वी एका प्रकल्पात आम्ही उणे 80 अंशांचा डीप फ्रीजर घेतला. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारट शेतजमिनीतल्या, पाण्याचे आणि गाळाचे दोन वर्षांचे नमुने त्यात होते. चवथीच्या सुट्टीत कॉलेज बंद, धुवाधार पाऊस, आणि दुसऱ्या दिवशी वीज गेली ती दीड दिवस आली नाही. फ्रीजरला अलार्म होता. तो इमानदारीत वाजत राहिला, ऐकायला कुणी नव्हतं. वॉचमनने ऐकला, पण त्याला वाटलं लॅबमधली काहीतरी घंटा आहे, प्रोफेसर लोकांची. आम्ही परत आलो तेव्हा खोलीत पाणी आणि वास. फ्रीजर चांगलाच होता. आमच्याकडे नव्हती ती सवय, साखळी, जबाबदार माणूस. पुढच्या प्रस्तावात मी त्या फ्रीजरसाठी इन्व्हर्टर, खोलीसाठी डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) आणि एका वाक्यात असं लिहिलं, की तिन्ही वॉचमनना अलार्म ओळखायला शिकवू आणि दारावर चार जणांचे फोन नंबर लावू. सादरीकरणात एक ज्येष्ठ परीक्षक त्या वाक्यावर थांबले, हसले, आणि म्हणाले की हे प्रयोगशाळा चालवलेल्या माणसाने लिहिलंय. मंजूर झाला. वाक्यामुळेच झाला असं म्हणत नाही, पण त्यानंतर प्रश्नांचा सूर बदलला.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं कलम तर प्रस्तावात हवंच. जून ते सप्टेंबर मायक्रोस्कोपच्या भिंगांना बुरशी धरते हे दिल्लीत बसलेल्याला सुचणार नाही. तुम्ही लिहिलंत तर त्याला कळतं की जागेचा विचार झालाय.

आता तुमच्या विषयाकडे. माती, पाणी, माकडताप ही तीन वेगवेगळी दुकानं आहेत. तिन्हींचं तंत्र वेगळं, माणसं वेगळी, परवानग्या वेगळ्या. 'मागणी अवाजवी' हा शेरा पैशापेक्षा याबद्दल असावा. एकच निवडा, आणि निवडताना विचारा: हा प्रश्न सत्तरीत बसूनच का सोडवायला हवा? मातीची तपासणी जुन्या गोव्याजवळ एल्ल इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत होते. पाण्यासाठी दोनापावलाला 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, गोवा विद्यापीठ आहे. त्यांच्याशी स्पर्धा करणारी प्रयोगशाळा सत्तरीतल्या वाळपईजवळ कशाला, असं परीक्षक विचारणारच. माकडतापाचं तसं नाही. 2015 मध्ये पाळी गावात रुग्ण सापडले, नंतर सत्तरीतल्या इतर गावांत, आणि बाधितांमध्ये काजूच्या बागांत काम करणारे मोठ्या संख्येने होते. हा रोग 1957 मध्ये शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याचं शास्त्रीय नाव तेच. गोचीड तुमच्या कॉलेजच्या मागच्या रानात आहे, काजू तुमच्या विद्यार्थ्यांच्या घरचा आहे. हे दोनापावलाहून कुणाला करता येणार नाही.

पण इथेच सावध राहा. प्रस्तावात तुम्ही 'विषाणूची तपासणी' असं लिहिलं आहे. हा विषाणू जिवंत हाताळायला किमान तिसऱ्या स्तराची जैवसुरक्षा, म्हणजे धोकादायक जंतूंसाठीची बंदिस्त प्रयोगशाळा लागते. खेड्यातल्या पदवी कॉलेजात ती सोय सव्वा कोटीत होत नाही आणि होऊही नये. माझी पक्की खात्री आहे की तुमचा प्रस्ताव वाचणाऱ्याने त्या ओळीवर पेन ठेवला असणार. तुम्ही करू शकता ते वेगळं आहे आणि कमी महत्त्वाचं मुळीच नाही. कुठल्या वाडीत, कुठल्या महिन्यात, कुठल्या जातीच्या गोचिडी किती, याचा सलग तीन वर्षांचा हिशेब. पांढऱ्या फ्लॅनेलचं मीटरभर कापड काठीला बांधून पाचोळ्यावरून ठरलेल्या अंतरात ओढायचं, त्याला चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने उचलून अल्कोहोलच्या कुपीत घालायच्या, कुपीवर तारीख आणि ठिकाण. मग कॉलेजात स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली जात ओळखायची. मुख्य वाहक हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, तिची पिल्लं कोरड्या दिवसांत वाढतात, आणि माकडतापाचे रुग्णही साधारण डिसेंबर ते मे या काळात दिसतात. म्हणजे ऐन काजूच्या हंगामात. पुढच्या विषाणू-तपासणीसाठी नमुने योग्य सुरक्षा असलेल्या संस्थेकडे जातील, असा लेखी करार जोडा. अंगभर कपडे, बूट, गोचीड-प्रतिबंधक मलम, नमुने गोळा करणाऱ्या मुलांच्या आरोग्याची नोंद, तापाची तक्रार आल्यास बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) पाठवण्याची व्यवस्था, हे सगळं अंदाजपत्रकात घाला. ते घातलं नाही तर मी परीक्षक असते तरी नाही म्हटलं असतं.

परवानग्यांचंही बघा. म्हादई अभयारण्याच्या हद्दीत पाऊल टाकणार असाल तर वन्यजीव कायद्याप्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. ती यायला वेळ लागतो, म्हणून अर्जाची पोचपावती तरी प्रस्तावाला जोडा. गावकऱ्यांचं रक्त, मुलाखती, आरोग्याची माहिती असं काही घेणार असाल तर मानवी संशोधनाची नैतिकता समिती लागते. तुमच्या कॉलेजात ती नसणार, भागीदार संस्थेची वापरावी लागेल. नसेल जमत तर माणसं वगळा, गोचिडीवर थांबा. पहिल्या प्रकल्पात तेच शहाणपणाचं.

भागीदाराच्या बाबतीत आपण गोवेकर नशीबवान आहोत आणि त्याचा फायदा घेत नाही. 3702 चौरस किलोमीटरचं राज्य. वाळपईहून निघालात तर दीड-दोन तासांत विद्यापीठ, समुद्रविज्ञान संस्था, गोमेकॉ, कृषी संस्था, सगळं आलं. महाराष्ट्रातल्या एखाद्या जिल्ह्यातल्या कॉलेजला हे मिळत नाही. तुमच्या प्रस्तावात मात्र 'सहकार्य' या शीर्षकाखाली सहा संस्थांची नावं आहेत आणि पत्र एकाचंही नाही. एकच संस्था घ्या, तिच्यातला एकच शास्त्रज्ञ घ्या, पण त्याने स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावं की वर्षाला इतके नमुने तपासून देईन, तुमच्या दोन विद्यार्थ्यांना इतके आठवडे बसवून शिकवीन. आणि मोठं यंत्र विकत घेण्याआधी आय-स्टेम हे राष्ट्रीय पोर्टल पाहा. सरकारी पैशातून घेतलेली उपकरणं बाहेरच्यांनाही वापरता यावीत म्हणून ते केलंय. 'हे यंत्र आम्ही घेत नाही, तिथलं शुल्क भरून वापरू' असं एक वाक्य आलं की तुमच्या बाकीच्या मागणीवरचा विश्वास वाढतो.

आता योजना. इथे बरंच काही तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि तुम्ही ती पूर्ण सांगितलेली नाही. कॉलेजला यूजीसीची 2(एफ) आणि 12(बी) मान्यता आहे का? बऱ्याच केंद्रीय योजनांचं दार तिथेच उघडतं किंवा बंद होतं. फक्त बीएस्सी आहे की एमएस्सीही? तुम्ही कायम आहात की कॉन्ट्रॅक्टवर? आपल्याकडे लेक्चर बेसिसवर वर्षानुवर्षं राबणारे हुशार लोक आहेत, पण मुख्य अन्वेषक, म्हणजे प्रकल्पप्रमुख, होण्यासाठी नियमित पद मागितलं जातं. अन्याय आहे, पण नियम आहे. अशा वेळी कायम सहकाऱ्याला मुख्य करून तुम्ही सहअन्वेषक व्हा. तसंच, निवृत्तीला प्रकल्पाच्या मुदतीइतकी वर्षं शिल्लक हवीत, हे लोक विसरतात.

फक्त बीएस्सी असेल तर जैवतंत्रज्ञान विभागाची स्टार कॉलेज योजना बघा. ती संशोधनासाठी नाही, पदवीचं विज्ञान शिक्षण आणि प्रात्यक्षिकं सुधारण्यासाठी आहे, आणि एका विभागाने नव्हे तर अनेक विज्ञान विभागांनी मिळून अर्ज करायचा असतो. म्हणजे रसायन आणि वनस्पतिशास्त्राच्या लोकांना सोबत घ्यावं लागेल. चहा पाजा. पदव्युत्तर विभाग असेल तर विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना आहे, जी 2000 च्या सुमारापासून विभागांच्या पायाभूत सोयींना पैसा देते. तुमच्या डोक्यात जी प्रयोगशाळा आहे तिचं खरं नाव फिस्ट आहे. पण तिथे विभागाचा आजवरचा लेखाजोखा बघतात, आणि तो तुमच्याकडे अजून नाही.

तो तयार करायला वैयक्तिक प्रकल्प. पूर्वी हे एसईआरबी, म्हणजे केंद्राची विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधनाला निधी देणारी संस्था, द्यायची. 2023 च्या कायद्याने तिची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने, म्हणजे एएनआरएफने घेतली. एसईआरबीने राज्य विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी शुअर, आणि शिक्षकांसाठी टेअर अशा योजना काढल्या होत्या. टेअरमध्ये शिक्षकाने आपली नोकरी सांभाळून जवळच्या राष्ट्रीय संस्थेत वर्षातले काही दिवस जाऊन संशोधन करायचं, तीन वर्षं. तुमच्यासारख्यांसाठी मला ही सगळ्यात मोलाची वाटते, कारण यंत्राआधी माणूस तयार होतो. एएनआरएफची पेअर ही योजना हब आणि स्पोक पद्धतीची आहे, म्हणजे मध्यभागी एक मोठी संस्था आणि तिला जोडलेल्या इतर संस्था. कॉलेजने तिच्यात थेट उडी मारायची नसते, पण विद्यापीठ कुणाशी जोडलं जातंय याची चौकशी करून ठेवा. योजनांचे नियम आणि तारखा दर फेरीला बदलतात, म्हणून मी लिहिलंय त्यावर न जाता चालू जाहिरात शब्दन् शब्द वाचा. राज्याच्या पातळीवर साळगावची गोवा राज्य विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषद आहे. तिथे आधी प्रत्यक्ष जाऊन बोला, मग अर्ज लिहा.

आणखी एक. गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकांत. दिल्लीला वाटतं यांना कशाची गरज? 'आमचा भाग मागास आहे' हा युक्तिवाद आपल्या तोंडी टिकत नाही. पण गावडा, कुणबी, वेळीप हे समाज 2003 पासून अनुसूचित जमातींत आहेत. तुमच्या वाड्यांतल्या लोकांसाठी काम असेल तर विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या सीड (समता, सक्षमीकरण आणि विकासासाठी विज्ञान) या शाखेचा मार्ग उघडतो. मात्र त्या समाजाचं नाव केवळ अर्जाला वजन यावं म्हणून वापरू नका. त्या वाडीतल्या कुणाला कामावर घेणार, निष्कर्ष त्यांना कसे सांगणार, हे लिहा.

मंजुरीनंतरचं कुणी सांगत नाही, म्हणून थोडं. सँक्शन ऑर्डर आली की त्याच दिवशी अकाउंटंटना घेऊन बसा. प्रकल्पाचं खातं, पीएफएमएस या सरकारी निधीच्या हिशेबप्रणालीवरची नोंद, रिकरिंग (दरवर्षीचा) आणि नॉन-रिकरिंग (एकदाचा) खर्च वेगळा. एका शीर्षकाखालचे (हेडमधले) पैसे दुसऱ्या शीर्षकावर खर्च करायचे नाहीत, विचारून केले तर लेखी विचारायचं. जीईएम या सरकारी खरेदी पोर्टलवर मिळणारी वस्तू सहसा तिथूनच घ्यायची असते, आणि एकाच कंपनीकडे मिळणाऱ्या यंत्रासाठी तसं प्रमाणपत्र द्यावं लागतं. आता बऱ्याच योजनांत पैसा आगाऊ येऊन बसत नाही, खर्चाची मर्यादा मिळते आणि 31 मार्चला उरलेली निघून जाते. आमचा एक हप्ता फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला होता. कोटेशन तयार नव्हती. मार्चमध्ये खरेदी समितीचे एक सदस्य परीक्षेच्या ड्युटीवर, दुसरे आजारी. सगळी रक्कम परत गेली आणि पुढच्या हप्त्यात कपात झाली. तेव्हापासून मी प्रस्ताव पाठवतानाच तपशील आणि कोटेशन तयार ठेवते. विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे यूसी, जीएफआर 12-अ नमुन्यात, खर्चाच्या पत्रकासह वेळेवर द्या. मिळालेलं व्याज तुमचं नाही, ते परत करायचं असतं. आणि सरकारी पैशातलं यंत्र खपलं तरी विचारल्याशिवाय भंगारात काढायचं नाही. एका कॉलेजची पुढची तीन वर्षं जुन्या यूसीपायी अडकलेली मी पाहिली आहेत, आणि ज्यांनी ती द्यायला हवी होती ते प्राध्यापक तोवर निवृत्त होऊन नातवंडांत रमले होते.

म्हणजे आतापर्यंतचं असं झालं: विषय एक, गोचीड. भागीदार एक, लेखी पत्रासह. यंत्रं कमी, माणसं आणि देखभाल जास्त. मोठी योजना नंतर.

रक्कम किती, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच सगळ्यांना विचारायचं असतं. तुमच्या जागी मी असते तर पहिला अर्ज वीस लाखांच्या आत ठेवला असता. दोन स्टिरिओ मायक्रोस्कोप, एक साधा फ्रीजर इन्व्हर्टरसह, डीह्युमिडिफायर, एक प्रकल्प सहायक तीन वर्षांसाठी, जीप भाड्याने, नमुने तपासण्याचं शुल्क. आणि अर्जाची वाट न बघता येत्या डिसेंबरात, अभयारण्याबाहेरच्या, मालकाने हो म्हटलेल्या दोन काजूबागांत कापड ओढायला सुरुवात करा. प्राचार्यांना विचारून, अंगभर कपड्यांत, आणि पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांना न नेता, तुम्ही आणि एखादा सहकारी. खर्च कापडाचा, कुप्यांचा आणि पेट्रोलचा. मे अखेर तुमच्याकडे सहा महिन्यांचे आकडे असतील. 'संशोधनाची पार्श्वभूमी' या रकान्यात दोनदा तुम्ही पदव्या लिहिल्या होत्या. तिसऱ्यांदा तिथे तो तक्ता चिकटवा, आणि पाठवण्याआधी अंदाजपत्रकाचं पान मला दाखवा.